बागेतला बॅण्ड आणि कामकऱ्याची संध्याकाळ

मुंबईत कूपरेजच्या मैदानालगत एक छोटी बाग आहे आणि तिच्यात वर छप्पर असलेला, चहूबाजूंनी मोकळा असा एक चौथरा आहे. एस्प्लनेड फी फंड समितीने तो १८६७ साली बांधला. लष्करातले वादक त्यावर बसून पितळी वाद्ये वाजवीत आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी भोवती घोडागाड्या उभ्या करून ऐकत. याला बॅण्डस्टँड म्हणतात. वांद्र्याला समुद्रकाठी असाच एक होता. त्याचे नाव आज लाखो लोकांच्या तोंडी आहे, पण ते कशावरून पडले याचा विचार त्यांतले फार थोडे करतात.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात व कारखान्यांच्या द्वारसभांत झाले. तेव्हा संगीताचा विषय आमच्याकडे कसा, असे कोणी विचारील. सुरांचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. ते सांगणारे जाणकार वसईत पुष्कळ आहेत. आम्हाला या प्रकरणात पाहायचे आहे ते घड्याळ. बॅण्ड फुकट होता, मैदान उघडे होते, मग ऐकायला कोण येऊ शकत होते आणि कोण येऊ शकत नव्हते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम जागेविषयी. कूपर म्हणजे पिंपे बांधणारा कारागीर. जहाजांना लागणारी पिंपे इथे तयार होत, म्हणून कूपरेज. पिंपे करणारे केव्हाच गेले, धंदाही गेला, पण नाव टिकले. शहरातल्या जागांना गव्हर्नरांची आणि शेठजींची नावे ठरवून देतात. कारागिरांची नावे लागतात ती अशी चुकून. किल्ल्याच्या तटाबाहेरचे हे सगळे मैदान पूर्वी तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले होते. सर बार्टल फ्रियर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत तट पाडले गेले. त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. परंतु मधल्या चार वर्षांत शहराने रस्ते, बागा आणि इमारती यांचे जे बेत आखले होते त्यांतले बरेच पुरे झाले. कूपरेजचा बॅण्डस्टँड हा त्याच काळातला. पुण्यालाही बंडगार्डनमध्ये लष्कराचा बॅण्ड वाजे, आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८७९ साली झालेल्या सयाजीबागेतही बॅण्डस्टँड बांधला गेला.

आता या चौथऱ्याची रचना पाहू, कारण त्यात मोठी अक्कल आहे. उघड्यावर आवाज फार लवकर मरतो. अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथाईवर येतो. खोलीत भिंती आवाज परत आणून देतात, मैदानात त्याला परत आणणारे कोणी नसते. म्हणून वादकांना माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच बसवायचे आणि वर छप्पर घालायचे, म्हणजे वर निसटणारा आवाज छपराला आपटून खाली श्रोत्यांकडे येतो. बाजू मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे सर्व दिशांना सारखे ऐकू जाते. चौथरा गोल किंवा आठकोनी करतात तो यासाठीच. विलायतेत असे चौथरे बिडाचे ओतून करीत. ग्लासगोच्या सॅरॅसेन फाउंड्रीसारखे कारखाने खांब, कमानी, कठडे यांचे चित्रांसह सूचिपत्र छापीत आणि त्यातून निवडून नगरपालिका माल मागवीत.

तारेची वाद्ये अशा जागी फिकी पडतात. हवा दमट असली की व्हायोलिनच्या आतड्याच्या तारा उतरतात, हे तर मुंबईच्या हवेला विचारायलाच नको. म्हणून फुंकीची वाद्ये. पूर्वीच्या साध्या शिंगातून मोजकेच स्वर निघत, आपल्या तुतारीतून निघतात तसे. १८१५ च्या सुमारास जर्मन कारागिरांनी व्हॉल्व्ह शोधला. बोटाने कळ दाबली की हवेची वाट लांबते आणि स्वर खाली उतरतो. तीन कळांवर सगळे स्वर बसतात. पुढे १८४० नंतर पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्स याने लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घाटाची वाद्ये केली. त्यांची बोटे सारखीच, त्यामुळे एकावर हात बसला की दुसरे धरता येते. एक वादक आजारी पडला तर शेजारचा त्याची जागा घेतो. साच्यावरच्या बदली कामगारासारखाच हा प्रकार म्हणायचा.

आणि वेळ संध्याकाळची का? हवा खायला निघण्याची वेळ ती, हे खरेच. परंतु त्यात निसर्गाचाही हात आहे. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि अशा हवेत आवाज वरच्या बाजूला वळतो. सूर्य मावळला, जमीन निवली, की खालची हवा गार आणि वरची उबदार होते. मग तोच आवाज खाली वळून दूरवर पोचतो. रात्री आगगाडीची शिटी आपल्याला लांबच्या स्टेशनावरून ऐकू येते ती याच कारणाने. म्हणजे बॅण्ड ऐकायची उत्तम घटका कोणती, तर दिवस बुडतानाची. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

उंचावर, छपराखाली, ठरल्या वेळी, सर्वांना ऐकू जाईल असे वाजवणे ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. नगारखाना म्हणजे दुसरे काय? देवळाच्या किंवा वाड्याच्या दरवाज्यावर माडी, तिथे सनई-चौघडा, आणि वेळाही बांधलेल्या. पण नगारखान्यासमोर कोणी खुर्ची टाकून बसत नाही. विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैल सोडणारा गडी, बाजाराला निघालेला वाणी, ज्याच्या कानी पडेल त्याचा तो चौघडा. काम थांबवावे लागत नाही. बॅण्डस्टँडची रीत निराळी. तिथे आपले काम संपवून, अंगावर बरे कपडे घालून, ठरल्या जागी जायचे आणि तासभर काही न करता ऐकायचे. याला पैसा लागत नसला तरी मोकळा तास लागतो, आणि तो सगळ्यांच्या खिशात नसतो.

हा झगडा खुद्द लंडनात आधी होऊन गेला होता. तिथला कामगार सहा दिवस राबे, मोकळा एकच रविवार. १८५५ साली सार्वजनिक बांधकामांचे मंत्री सर बेंजामिन हॉल यांनी केन्सिंग्टन गार्डन्समध्ये रविवारी लष्करी बॅण्ड सुरू केला. लोक हजारोंनी लोटले. धर्माभिमानी मंडळींना हे खपले नाही. रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी वाल्ट्झ कसले वाजवता? कँटरबरीच्या आर्चबिशपांनी आक्षेप घेतला आणि १८५६ च्या मे महिन्यात पंतप्रधान पामर्स्टन यांनी बॅण्ड बंद करविले. तेव्हा सामान्य लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे बॅण्ड आणून रविवारी बागांत वाजवले. रविवारी संग्रहालये आणि चित्रशाळा उघड्या असाव्यात म्हणून नॅशनल सण्डे लीग ही संस्था १८५५ मध्येच निघाली होती आणि तिच्या उभारणीत कारागीर पुढे होते. बाकीच्या सहा दिवसांत बॅण्ड वाजला असता तर आर्चबिशपांची काही हरकत नव्हती. फक्त त्या सहा दिवसांत ऐकायला येणारे निराळे असते.

मुंबईत रविवारचा तंटा नव्हता. इथे अडचण त्याहून मूळची होती, आणि ती दाखवायला आपली वसई पुरेशी आहे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी सुटली. म्हणजे कूपरेजचा बॅण्डस्टँड आणि विरारची लोकल ही एकाच वर्षाची भावंडे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची ती गाडी दिवसातून एकदाच धावे. सकाळी पावणेसातला विरार सोडायचे, आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबे स्टेशनातून परत निघायचे. बॅकबे आणि कूपरेज यांच्यात अंतर ते किती! वसईचा एखादा बागायतदार केळी-भाजीच्या हिशेबासाठी त्या गाडीने मुंबईला गेला असे धरा. एप्रिलात तिकडे दिवस बुडतो सातच्या सुमाराला. ऊन उतरून गाड्या मैदानाकडे वळू लागायच्या वेळेला आमचा वसईकर बोरिवलीच्या वाटेवर असणार. रेल्वेने त्याला बॅण्डच्या दारापर्यंत नेले आणि बॅण्ड वाजायच्या आत परत आणले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. वेळापत्रक करणाऱ्याच्या डोळ्यापुढे जो प्रवासी होता, त्याला संध्याकाळी ऐकण्यासारखे काही असेल असे त्याच्या मनातच आले नसावे.

शहरात राहणाऱ्या कामगाराची तऱ्हा याहून वाईट. ताडदेवला १८५६ साली कावसजी दावर यांची गिरणी चालू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. त्या काळी गिरणी चाले ती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दिवस मोठा तर काम मोठे. अर्थात उन्हाळ्यात, म्हणजे मैदानात बसायला सगळ्यात बरे असते त्या दिवसांत, कामगाराचा दिवस सगळ्यात लांब. भायखळ्याला १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रियर यांच्या हस्ते राणीची बाग उघडली. ती तर गिरण्यांच्या अगदी शेजारी. तिथेही बॅण्डस्टँड होता. भिंतीपलीकडे फुले आणि वाद्ये, अलीकडे सूत आणि फुफाटा. आडकाठी भिंतीची नव्हतीच, भोंग्याची होती.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतले पाहिजे. हे मूळचे आपल्या ठाण्याचे. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत वसईही ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणून ‘आपल्या’ म्हणण्याचा हक्क आम्ही सोडत नाही. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या पाहा. रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत पगार मिळावा. पाचांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत! आम्ही नव्या कार्यकर्त्यांना हा अर्ज नेहमी वाचून दाखवतो, कारण पगारवाढीखेरीज संघटनेला मागायचे काय असते असे पुष्कळांना वाटते.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार. सातारा-पुण्याकडच्या कामगाराला तो मोकळा मिळणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. विलायतेच्या आर्चबिशपांचा रविवार आणि खंडोबाचा रविवार एकाच ठिकाणी येऊन भेटला तो असा. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. पण सूर्यास्ताची मागणी? तिची गत चमत्कारिक झाली. गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळला तरी साचा थांबायचे कारण उरले नाही. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा पडली ती १९११ च्या कायद्याने, आणि तीही बारा तासांची. आठवड्याला ४८ तास हे माप यायला १९४६ साल उजाडावे लागले. एवढ्या काळात कूपरेजला जे वाजून गेले त्याचा हिशेब कोणी करायचा?

याचा अर्थ गिरणगाव मुका होता असे नव्हे. चाळीचाळीत भजनी मंडळे होती, कलगीतुरा होता, कोकणातल्या मंडळींचे नाच होते. पुढे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीने तर मैदाने गाजवली. मात्र चाळीतली भजने बसत ती रात्री जेवणे झाल्यावर, नऊ-दहाच्या पुढे, कारण मोकळी घटका तीच. विलायतेत काही गिरण्यांनी कामगारांचेच बॅण्ड उभे केले होते. यॉर्कशरमधल्या ब्लॅक डाइक गिरणीचा बॅण्ड १८५५ चा आहे आणि आजही नावाजलेला आहे. त्यात मालकाची हौस आणि जाहिरातही होती, हे आम्ही विसरत नाही. तरी तिथला विणकर कॉर्नेट हातात धरू शकला.

आणि चौथऱ्यावर बसून वाजवणारे कोण होते? त्यांची आठवण बागेत कोणी लिहून ठेवत नाही. इंग्रजी पलटणींच्या बॅण्डचा खर्च अधिकारी पुष्कळदा आपल्या वर्गणीतून करीत आणि बॅण्डमास्तर बाहेरून भाड्याने आणीत; लष्कराने स्वतःची शाळा लंडनजवळ नेलर हॉल येथे काढली ती १८५७ साली. हिंदुस्थानात मात्र तयार वादक सापडले ते गोव्यात. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. कागदावरचे सूर वाचता येणारा माणूस बॅण्डला हवा असतो. म्हणून गावोगावची गोंयकार मुले पलटणींत, संस्थानांच्या बॅण्डांत आणि गव्हर्नरच्या पदरी नोकरीला लागली. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावांचे कूड असत, अजूनही काही आहेत. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली राहायची जागा म्हणजे कूड. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोलीचीच ही बहीण. पुढे मूकपटांच्या थेटरात, हॉटेलांत आणि बोलपटांच्या वाद्यवृंदांत हेच लोक दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे.

वसईत बॅण्ड बागेतून आला नाही, तो लग्नातून आणि सणांतून आला. आमच्या ख्रिस्ती वाड्यांतल्या लग्नाला पितळी बॅण्ड लागतोच, आणि त्याच्या जोडीला जुना घुमटही वाजतो. चर्चच्या सणाला मिरवणूक निघाली की पुढे बॅण्ड. हिंदू वाड्यांतल्या हळदी-वरातीलाही तेच वादक. कूपरेजला घोडागाडीत बसून ऐकणाऱ्यांना जी वाद्ये प्रतिष्ठेची वाटत, ती इथे केळीच्या वाडीतून वरातीपुढे चालत गेली आणि त्यांच्यासमोर सगळा वाडा नाचला. याला कोणी अधोगती म्हणत असतील. आमचे मत उलट आहे. चौथऱ्यावर बसलेला बॅण्ड ऐकायला माणसाला जावे लागे; हा बॅण्ड माणसाकडे चालत आला.

पण चालत येणाऱ्याचे पोट कसे चालते, हेही पाहावे. लेंट आणि ॲडव्हेंट या उपासाच्या काळात ख्रिस्ती लग्ने सहसा होत नाहीत, पावसाळ्यात वराती बसतात. उरलेल्या महिन्यांत सुपाऱ्या मिळतील तेवढे खरे. बाकी दिवस हे वादक वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूच्या कारखान्यांत कामाला असतात, आणि त्यांतले काही आमच्या संघटनेचे सभासद आहेत. एका कारखान्यात, नाव घेत नाही, बारा तासांची पाळी आजही चालू आहे. तिथला आमचा एक ट्रॉम्बोनवाला गेल्या हंगामात तीन सुपाऱ्यांना जाऊ शकला नाही, कारण खाडा केला तर दोन दिवसांचा रोज कापतात. फुंकीच्या वाद्याला ओठ रोज तयार ठेवावा लागतो. चार आठवडे सराव तुटला की ओठ मऊ पडतो आणि वरचे स्वर लागत नाहीत. बारा तास यंत्रावर उभा राहून आलेला माणूस रात्री शेजाऱ्यांच्या झोपेत ट्रॉम्बोन कसा फुंकणार? त्याने तो उशा-गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून फुंकून पाहिला, असे तो सांगतो आणि वर हसतो.

कूपरेजच्या बॅण्डस्टँडची अलीकडे डागडुजी झाली, ही आनंदाची गोष्ट. आमच्या वसई-विरार महानगरपालिकेच्या क्षेत्रातही बागा आहेत, आणि त्यांतल्या एखादीत असा चौथरा व्हावा असे पुष्कळांना वाटते. जरूर व्हावा. ध्वनिवर्धक लावू नये एवढी विनंती आहे. चौथऱ्याचे छप्पर नीट बांधले तर त्याची गरज पडत नाही, हे वर सांगितलेच. मात्र वेळ संध्याकाळी साडेपाचची ठेवाल तर १८६७ ची बॅकबेची गाडी पुन्हा सुटलीच म्हणून समजा. चर्चगेटहून दाटीवाटीत उभा राहून आलेला माणूस विरार स्टेशनाबाहेर पडतो आठ-साडेआठला, आणि कारखान्याची दिवसपाळी सुटते तीही त्याच सुमाराला. तेव्हा बागेचे फाटक दहापर्यंत उघडे हवे आणि बॅण्ड साडेआठला सुरू व्हायला हवा. तोवर जमीनही निवालेली असते. वादक आपल्याच तालुक्यातले घ्यावेत, सरावाचे दिवस धरून त्यांना रोज द्यावा, आणि मानधन हा शब्द वापरू नये. रोज किती असावा त्याचा हिशेब आमच्या कार्यालयात तयार आहे.